ब्राझीलचा ताल आणि लेखणीचें संगीत



पाश्चात्त्य अभिजात संगीत हें लेखणीचें संगीत आहे. रचनाकार स्वर कागदावर लिहितो आणि वादक ते वाचून वाजवितो. अशा संगीतांत परक्या देशाचा ताल उतरवावयाचा झाल्यास काय घडतें, हें ब्राझीलमधील रिओ द जानेरो शहराच्या एका हकीकतीवरून चांगलें कळतें.

१९१७ सालीं दारियुस मियो हे चोवीस वर्षांचे फ्रेंच रचनाकार तेथें आले. कवि पॉल क्लोदेल हे त्या वेळीं तेथें फ्रान्सचे राजप्रतिनिधि होते, आणि मियो त्यांचे चिटणीस. कार्निव्हलचा हंगाम होता. शहरभर 'माशीशी' नांवाच्या नृत्याचे सूर घुमत होते.

या तालाची घडण ऐकण्यासारखी आहे. आठ लहान मात्रा घ्याव्या. केरव्यांत त्या चार-चार अशा सरळ पडतात. ब्राझीलच्या नृत्यांत पुष्कळदां त्यांचे तीन, तीन आणि दोन असे भाग होतात. पांचव्या मात्रेवर ठोका पडेल म्हणून कान वाट पाहतो, तों तो चौथ्या मात्रेवरच पडून गेलेला असतो! या हुलकावणीनेंच पाय थिरकूं लागतात. आफ्रिकेंतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांची ही देणगी. ब्राझीलमध्यें गुलामगिरी १८८८ सालीं बंद झाली; ताल मात्र मागें राहिला आणि युरोपीय नृत्यांच्या चालींत मिसळून गेला.

मियोंनीं या नृत्यांच्या छापील प्रती विकत आणून पियानोवर वाजविल्या. स्वर बरोबर येत, पण ढंग साधेना. दोन ठोक्यांमध्यें श्वास किंचित् अडखळावा तसा एक विराम होता, आणि तो छापलेला नव्हता. तो त्यांना सांपडला एर्नेस्तो नाझारेथ यांच्या वादनांत. नाझारेथ हे चित्रपटगृहाच्या दर्शनी दालनांत पियानो वाजवून पोट भरीत. माशीशी हें नांव प्रतिष्ठित घरांत हलकें गणलें जाई, म्हणून आपल्या रचनांस ते 'ब्राझिलियन टँगो' म्हणत.

मियो पॅरिसला परतले आणि १९१९ सालीं त्यांनीं 'छपरावरचा बैल' ही रचना लिहिली. १९२० सालीं ती रंगभूमीवर आली. तींत विसांहून अधिक ब्राझिलियन चाली गुंफलेल्या आहेत. नाझारेथ यांच्याहि आहेत. रचनेचें नांवसुद्धां रिओच्या एका लोकप्रिय गीताचें. एकाच वेळीं दोन निरनिराळ्या स्वरपट्ट्या वाजवून त्या चालींस नवा रंग देणें, हें मियोंचें खरें कर्तृत्व होय. परंतु मूळ रचनाकारांचीं नांवें त्या कृतीबरोबर गेलीं नाहींत.

आतां दुसरें उदाहरण पाहावें. १८८७ सालीं रिओंत जन्मलेले एतोर व्हिला-लोबोस तरुणपणीं रस्त्यावरच्या वादकांच्या मेळ्यांत गिटार वाजवीत. या मेळ्यांच्या संगीतास 'शोरो' म्हणतात. १९२० सालीं त्यांनीं केवळ गिटारकरितां पहिला 'शोरो' रचला आणि तो नाझारेथ यांस अर्पण केला. पुढें ही मालिका वाढत गेली. १९२६ सालच्या दहाव्या 'शोरो'मध्यें तर संपूर्ण वाद्यवृंद व गायकवृंद आहे. त्या कृतींत दुसऱ्याचें गीत घेतल्याबद्दल त्यांच्यावरहि आक्षेप आलाच. देशी रचनाकार म्हणून ऋणाचा हिशेब कोणासहि माफ होत नाहीं.

उतारवयांत नाझारेथ यांची श्रवणशक्ति गेली, आणि १९३४ सालीं ते निवर्तले. त्यांच्या दालनांतला ताल मात्र मोठमोठ्या सभागृहांत पोंचला होता.

तीन, तीन आणि दोन हा हिशेब कागदावर मांडतां येतो. त्यामधला विराम माणसापाशीं बसूनच घ्यावा लागतो. हिंदुस्थानी गवई गुरूचें नांव घेतांना कानाच्या पाळीस हात लावतो. लेखणीनें संगीत रचणाऱ्यापाशीं तसा हात नसतो. पण कृतीच्या माथ्यावर एक नांव लिहिण्यापुरती जागा त्याच्यापाशीं नेहमींच असते.