परभणीची हवा आणि कागदावरची मर्यादा

हवा किती मळलेली चालेल, याची सरकारी मर्यादा देशात ठरलेली आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नोव्हेंबर 2009 मध्ये 12 प्रदूषकांसाठी ती जाहीर केली. त्यांतला सर्वांत घातक पीएम 2.5, म्हणजे फुप्फुसात खोलवर शिरणारे बारीक कण. दर घनमीटर हवेत त्यांची वार्षिक सरासरी 40 मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटना 2021 पासून फक्त 5 म्हणते! म्हणून आपली हवा नियमात बसली तरी ती निर्धोक ठरत नाही.

2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात मराठवाड्यातून छत्रपती संभाजीनगर, जालना आणि लातूर आहेत. परभणी नाही. पण धूर काही यादी पाहून पसरत नाही. आपल्याकडे कापूस निघाला की पऱ्हाट्या पेटतात, ऊस तुटला की पाचट. त्यात पहाटेची कडाक्याची थंडी. जमिनीलगतची हवा गार, वरची उबदार, त्यामुळे धूर वर न जाता गावावरच साचतो. दम्याच्या रुग्णांना ही पहाट फार जड जाते. जाळण्याऐवजी पाचट कुजवून शेतातच जिरवता येते, पऱ्हाट्यांचेही यंत्राने बारीक तुकडे करून खत होते.