व्हिसा मिळतो, घर मांडावे लागते

(खडकी येथील कुटुंब मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



परक्या भूमीवर घर मांडणे म्हणजे काय, हे खडकीला नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी याच परिसरात पेशव्यांची फौज इंग्रजांशी लढली. पुढे इंग्रजांची छावणी येथे स्थिरावली आणि १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. छावणीतील आणि कारखान्यातील कामासाठी कोकणातून, देशावरून, तेलुगू आणि तमिळ मुलखातून कुटुंबे आली. त्यांच्या हाती नोकरीचा कागद होता. पण कागदाने घर होत नाही. घर झाले ते शेजाऱ्याच्या आधाराने, सणावारांनी आणि पुढच्या पिढीला दिलेल्या संस्कारांनी. फाळणीनंतर जवळच्याच पिंपरीत आलेल्या सिंधी बांधवांकडे तर तोही कागद नव्हता. तरीही त्यांनी कोणापुढे हात न पसरता व्यापार उभारला, मंदिरे बांधली आणि आपली भाषा जपली.

आज त्याच खडकीतील अनेक घरांतून मुले अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया येथे स्थायिक होण्यासाठी जात आहेत. त्यांच्या मागोमाग कित्येकदा आईवडिलांचाही व्हिसा येतो. त्या दिवशी घरात पेढे वाटले जातात. आनंद रास्तच आहे. मात्र खरे काम दुसऱ्या दिवसापासून सुरू होते.

दारापर्यंतचा कागद

अमेरिकेचेच उदाहरण घ्यावे. मुंबईच्या वाणिज्य दूतावासातील मुलाखत, वैद्यकीय तपासणी, लसीकरण या पायऱ्या पार पडल्या की स्थलांतराचा व्हिसा मिळतो. त्याची मुदत साधारणतः सहा महिन्यांची असते आणि त्या अवधीत तेथे पोहोचावे लागते. व्हिसा हा दारापर्यंत नेणारा कागद आहे. प्रवेश देण्याचा निर्णय तेथील विमानतळावरचा अधिकारी घेतो आणि त्या क्षणापासून माणूस कायम रहिवासी ठरतो. ‘ग्रीन कार्ड’ नंतर टपालाने येते. सामाजिक सुरक्षा क्रमांक मिळवणे, वाहनपरवाना काढणे, आरोग्यविमा घेणे ही कामे पहिल्या काही आठवड्यांतच हाती घ्यावी लागतात. घर बदलल्यास दहा दिवसांच्या आत नवा पत्ता शासनाला कळवणे बंधनकारक असते.

इकडचीही कर्तव्ये विसरून चालत नाही. परदेशी स्थायिक झालेल्याने आपले साधे बचत खाते तसेच चालू ठेवणे नियमात बसत नाही. ते अनिवासी खात्यात रूपांतरित करावे लागते. ज्या देशात जायचे त्याचा कायदा पाळणे आणि ज्या देशातून निघालो त्याचा कायदा न मोडणे, हाही धर्मच आहे. अशा प्रत्येक कुटुंबाच्या वर्तनावरून तेथील समाज साऱ्या हिंदू समाजाची पारख करीत असतो.

आनंदीबाईंचे उदाहरण

१८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस निघाल्या. निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथील जाहीर सभेत त्यांनी, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, अशा आशयाची ग्वाही दिली होती. ती त्यांनी अक्षरशः पाळली. न्यू जर्सीतील कार्पेंटरबाईंनी त्यांना पोटच्या मुलीप्रमाणे वागवले. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. पण तेथील थंडी त्यांच्या प्रकृतीस मानवली नाही, क्षयाने गाठले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे एकवीस वर्षांचे होते.

या चरित्रातून दोन गोष्टी घ्याव्यात. निष्ठा अढळ असावी आणि शरीराची, हवामानाची काळजीही तितक्याच गांभीर्याने घ्यावी. आणि परदेशात पहिला आधार मिळतो तो एखाद्या जिव्हाळ्याच्या घराचा. म्हणून जे आधी स्थिरावले, त्यांनी नव्याने येणाऱ्यांसाठी तसे घर व्हावे.

आईवडिलांचा प्रश्न

सर्वांत नाजूक विषय आहे तो ज्येष्ठांचा. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेचे नागरिक झाले आणि वयाची एकवीस वर्षे पूर्ण असली, की त्यांना आईवडिलांसाठी अर्ज करता येतो. भावंडांसाठीच्या अर्जाला भारतातून पंधरा वर्षांहून अधिक प्रतीक्षा असते; आईवडिलांना तशी संख्येची मर्यादा नाही. त्यामुळे निर्णय चटकन होतो आणि त्याचा विचार मागाहून सुरू होतो.

‘सहा महिने तिकडे, सहा महिने इकडे’ असा बेत अनेक घरांत ऐकू येतो. परंतु ग्रीन कार्ड हे भेटीचे तिकीट नाही. ते तेथे राहण्याचे वचन आहे. पूर्वपरवानगीशिवाय वर्षभराहून अधिक काळ बाहेर राहिल्यास तो हक्क धोक्यात येतो आणि त्याहून कमी काळ राहूनही, खरे घर कोठे आहे, असा प्रश्न विचारला जाऊ शकतो. पासष्टी ओलांडलेल्यांना शासकीय आरोग्ययोजनेत स्वतः हप्ता भरून सामील व्हायचे, तरी सलग पाच वर्षांचे वास्तव्य लागते. तोवर विम्याचा भार मुलांवर पडतो.

हे झाले नियमांचे. मनाचे काय? ज्या गृहस्थांनी पस्तीस वर्षे कारखान्याच्या भोंग्यावर दिवस मोजले, ज्यांना खडकी बाजारात दहा पावलांवर एक ओळखीचा नमस्कार मिळतो, ते एका शांत उपनगरात येऊन पडतात. सकाळी मुलगा-सून कामावर, नातवंडे शाळेत. स्वतःला मोटार चालवता येत नाही आणि पायी जाण्याजोगे काही नाही. घरात सर्व सुखसोयी असतात. बोलायला माणूस नसते. नातवंडांना सांभाळायला कोणी हवे, एवढ्याच हिशेबाने त्यांना बोलावले असेल, तर ते कुटुंब नव्हे, ती व्यवस्था झाली.

म्हणून अर्जावर सही करण्यापूर्वी सर्वांनी एकत्र बसून मोकळेपणाने बोलावे. आईवडिलांना ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार असावा आणि त्या नकाराने मुलांनी दुखावून जाऊ नये. गेल्यावर जमले नाही तर परतण्याची वाट मोकळी राहावी, यासाठी येथील राहते घर घाईने विकू नये. आणि जे येथेच राहतील, त्यांची विचारपूस करणे ही केवळ मुलांची नव्हे, शेजारच्या प्रत्येक घराची जबाबदारी आहे. दूर गेलेल्या मुलाच्या आईला रात्री दवाखान्यात नेणारा तरुण याच वस्तीतून उभा राहिला पाहिजे.

मुळे जपण्याचे कार्य

गिरमिटिया म्हणून मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांच्या हाती ना विद्या होती ना द्रव्य. तरीही त्यांच्या वंशजांनी गणेशोत्सव जपला. आज तेथे गणेश चतुर्थीस राष्ट्रीय सुटी असते आणि शाळांतून मराठी शिकवली जाते. त्यांना जे साधले, ते विमानाने जाणाऱ्या सुशिक्षितांना असाध्य नाही. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आणि उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून हेच कार्य करीत आहे. केनियात १९४७ साली सुरू झालेले हिंदू स्वयंसेवक संघाचे काम अनेक देशांत पोहोचले आहे. नव्या गावी पोहोचल्यावर पहिल्या महिन्यातच अशा एखाद्या केंद्राशी नाते जोडावे. घरात मराठी बोलावी, रोज एक जेवण तरी सर्वांनी मिळून घ्यावे आणि शेजारी कोणत्याही देशाचा असो, दिवाळीचा फराळ त्याच्या दारी पोहोचावा.

परदेशी नागरिकत्व स्वीकारताच भारताचे नागरिकत्व संपते. २००५ च्या कायदादुरुस्तीनंतर मिळू लागलेले ‘ओसीआय’ कार्ड येण्याजाण्याची मुभा देते, मतदानाचा अधिकार देत नाही. हे समजूनच पाऊल उचलावे. मात्र मातृभूमीशी असलेले पुत्राचे नाते कोणत्याही कार्यालयातून मिळत नाही आणि कोणत्याही कार्यालयात जमा करावे लागत नाही.

खडकीत आलेल्या पूर्वजांनी एका पिढीत परके गाव आपले केले. पण मूळ गावच्या ग्रामदैवताला जाणे सोडले नाही. त्यांच्या नातवंडांनी जगाच्या पाठीवर कोठेही जावे, तेथे सचोटीने राहावे आणि परतीच्या वाटेवर गवत उगवू देऊ नये.