सोनिया ग्राफ

१९३९ सालच्या ऑगस्टअखेर अर्जेंटिनाची राजधानी ब्युनॉस आयर्स येथें स्त्रियांच्या जागतिक बुद्धिबळ-अजिंक्यपदाचे सामने सुरू झाले. देशोदेशींच्या वीस स्त्रिया तेथें जमल्या होत्या. प्रत्येकीच्या नांवापुढें तिच्या देशाचें नांव होतें. एका नांवापुढें मात्र ‘लिब्रे’, म्हणजे ‘स्वतंत्र’, एवढाच शब्द होता. तें नांव सोनिया ग्राफ यांचें.

ग्राफबाई जन्मानें जर्मन. १९०८ सालीं म्यूनिक येथें त्यांचा जन्म झाला. बालपण सुखाचें नव्हतें. त्या वेळचा जाच पुढें त्यांनीं स्वतःच लिहून ठेविला. परंतु ज्या घरानें दुःख दिलें त्याच घरांत विसांवाहि सांपडला. वडिलांनीं त्यांना बुद्धिबळें शिकविलीं, आणि चौसष्ट घरांचा तो पट त्यांचें दुसरें घर झाला. म्यूनिकचे प्रख्यात खेळाडू डॉक्टर टाराश यांच्याजवळ त्यांनीं पुढील धडे घेतले. ग्राफबाईंच्या जन्मसालींच या टाराशनीं जगज्जेत्या लास्करशीं अजिंक्यपदासाठीं झुंज दिली होती. असा गुरु लाभल्यावर शिष्येनें खेळालाच पोटाचें साधन केलें, यांत नवल नाहीं. स्त्रीनें केवळ बुद्धिबळांवर निर्वाह करणें ही त्या काळीं युरोपांतहि अपूर्वच गोष्ट होती.

त्यांच्या वाटेंत एकच पर्वत होता : व्हेरा मेंचिक. १९२७ पासून अजिंक्यपद मेंचिकबाईंकडेच होतें. १९३४ सालीं हॉलंडमध्यें दोघींचे चार डाव झाले. ग्राफबाईंनीं एक जिंकला, तीन गमावले. १९३७ सालीं ऑस्ट्रियांतील सेमेरिंग येथें अजिंक्यपदासाठीं सोळा डाव झाले. त्यांत ग्राफबाईंनीं दोन जिंकले, पांच बरोबरींत सोडविले, आणि नऊ गमावले.

इकडे मायदेशीं नाझी राजवट आली होती. ग्राफबाई परदेशींच राहूं लागल्या, आणि ब्युनॉस आयर्स येथें जर्मनीच्या प्रतिनिधि म्हणून त्यांना स्थान उरलें नाहीं. म्हणून त्या ‘स्वतंत्र’ या नांवाखालीं खेळल्या. सामने चालू असतांनाच १ सप्टेंबर रोजीं युरोपांत महायुद्ध पेटलें. तरी पट मांडले जात होते. एकोणीस डावांपैकीं ग्राफबाईंनीं सोळा जिंकले, तीन गमावले. बरोबरी एकहि नाहीं. गमावलेल्या डावांपैकीं एक मेंचिकबाईंविरुद्धचा. तो जिंकण्याच्या स्थितींत असतां हातचा गेला. मेंचिकबाई अठरा गुणांनीं पहिल्या आल्या, ग्राफबाई सोळा गुणांनीं दुसऱ्या.

त्यानंतर दोघींची गांठ पटावर पडली नाहीं. मेंचिकबाई लंडनला परतल्या. १९४४ सालीं जर्मन उडत्या बाँबनें त्यांच्या घरासह त्यांचा बळी घेतला. ग्राफबाई अर्जेंटिनांतच राहिल्या. तेथें स्पॅनिश भाषा आत्मसात् करून त्यांनीं दोन पुस्तकें लिहिलीं : एक खेळाविषयीं, दुसरें आपल्या पोळलेल्या बालपणाविषयीं. १९४७ सालीं एका अमेरिकन खलाशाशीं विवाह करून त्या अमेरिकेंत गेल्या. तेथील स्त्रियांचें अजिंक्यपद त्यांनीं १९५७ सालीं विभागून व १९६४ सालीं एकटीनें मिळविलें. पुढच्याच वर्षीं न्यूयॉर्क येथें त्यांचें निधन झालें.

जगज्जेतेपद त्यांना कधींच लाभलें नाहीं. परंतु ज्या दिवसांत राष्ट्रें ध्वजासाठीं रणांत उतरत होतीं, त्या दिवसांत ही स्त्री कोणत्याहि ध्वजाच्या आधाराविना पटासमोर बसली आणि सोळा डाव जिंकून उठली. ‘लिब्रे’ हा शब्द तेथें केवळ सोय म्हणून लिहिला गेला असेल. ग्राफबाईंनीं तो आपल्या खेळानें खरा केला.