प्रमाणपत्र आधी की काम आधी?

(शाहूवाडी येथे संगणक क्षेत्रात काम करणाऱ्या तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



पुण्या-मुंबईहून सुटी काढून आलेले आणि कोल्हापूरला रोज एसटीने ये-जा करणारे असे तुम्ही सारे आज येथे जमला आहात. तुमच्यापैकी बहुतेकांचे काम एकच, डेस्कटॉप सपोर्ट. कुणाचा प्रिंटर अडला, कुणी पासवर्ड विसरला, कुणाला नवा संगणक मांडून द्यायचा, की हाक तुम्हालाच. हे काम कमी प्रतीचे आहे असे मी मुळीच मानत नाही. माझीही सुरुवात तेथूनच झाली. परंतु तीन-चार वर्षे लोटली की प्रत्येकाच्या मनात प्रश्न उभा राहतो, ‘सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर व्हायचे, तर कोणते प्रमाणपत्र घेऊ?’

या प्रश्नात बहुधा घरचा पैसा गुंतलेला असतो. उसाचे बिल आले की वडील क्लासची फी भरतात. म्हणून त्याचे उत्तर जबाबदारीने द्यायला हवे.

तुमच्या तालुक्यातच विशाळगड आहे. शिवकाळात गडाचा कारभार एकाच माणसाच्या हाती नसे. किल्ल्या हवालदाराकडे, हिशेब सबनिसाकडे, धान्य व दारूगोळा कारखानिसाकडे. पहारेकऱ्याने आपला बुरुज सांभाळला की पुरे. हवालदाराला मात्र साऱ्या गडाचा विचार करावा लागे. आपल्या दोन कामांतील अंतर नेमके हेच आहे. आज तुम्ही एका माणसाचा एक संगणक दुरुस्त करता. उद्या तुम्ही केलेला एक नियम पाचशे संगणकांना लागू होईल, आणि त्यातील एक चूक पाचशे जणांचे काम थांबवील. कोणाला किती अधिकार द्यावा, हा विचार तेथून सुरू होतो. तो शिकवील तेच प्रमाणपत्र उपयोगाचे.

निवड करताना पहिली कसोटी ही, की आपल्या कार्यालयातील सर्व्हर कोणता आहे? जेथे हात घालण्याची संधी आहे, तेथूनच आरंभ करावा. विंडोजचे वातावरण असेल, तर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, ग्रुप पॉलिसी व डीएनएस पक्के करून मग अझ्युर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या एझेड-१०४ या परीक्षेकडे वळावे. लिनक्स असेल, तर रेड हॅटची आरएचसीएसए. नेटवर्कची ओढ असेल, तर सिस्कोची सीसीएनए. कॉम्पटियाचे ए प्लस नवख्यासाठी चांगले आहे. पण त्यासाठी दोन परीक्षांचे शुल्क भरावे लागते, आणि तीन वर्षे हेच काम केलेल्याला ते त्याच्याच कामाची पावती देते. तो पैसा पुढच्या पायरीसाठी राखावा.

दुसरी कसोटी परीक्षेच्या स्वरूपाची. आरएचसीएसएमध्ये पर्यायांवर खुणा करायच्या नसतात. चालू यंत्रणेवर प्रत्यक्ष काम करून दाखवावे लागते. वापरकर्ते व त्यांचे अधिकार, डिस्कची रचना, सेवा, फायरवॉल हे सारे असे मांडायचे, की यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही ते टिकले पाहिजे. ही अट मला फार मोलाची वाटते.

तिसरी कसोटी काळाची. एकेकाळी ‘एमसीएसई’ या चार अक्षरांचा केवढा दबदबा होता! मायक्रोसॉफ्टने ३१ जानेवारी २०२१ रोजी ते बंद केले. अझ्युरच्या प्रमाणपत्राचे दरवर्षी विनाशुल्क नूतनीकरण करावे लागते. रेड हॅट व सिस्कोच्या या प्रमाणपत्रांची मुदत तीन वर्षांची. तेव्हा एकदम चार प्रमाणपत्रांचा हार गळ्यात घालू नये. एक घ्यावे, ते वर्षभर कामात वापरावे, मग दुसऱ्याचा विचार करावा.

सरावासाठी महागडा क्लास अनिवार्य नाही. सोळा जीबी मेमरीचा जुना संगणक घ्या आणि व्हर्च्युअलबॉक्स या मोफत प्रणालीच्या आधारे त्यावर तीन-चार आभासी यंत्रे उभी करा. विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती १८० दिवस चालते. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ रोजी संपला असला, तरी रॉकी आणि अल्मा लिनक्स विनामूल्य आहेत. तेथे मोडा, बिघडवा, पुन्हा उभारा.

आता एक कटू गोष्ट. परीक्षेतील चोरलेल्या प्रश्नांचे संच बाजारात मिळतात. ते पाठ करून उत्तीर्ण झालेले तरुण मी मुलाखतीत पाहिले आहेत. ‘डीएनएस बंद पडल्यास प्रथम काय तपासाल?’ एवढ्यावर ते गप्प होतात. हा लबाडीचा मार्ग आहे, आणि उघडकीस आल्यास प्रमाणपत्रही रद्द होते.

माझी स्वतःची चूक सांगतो. नवा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असताना रोज सकाळी मी बॅकअपचा ‘यशस्वी’ असा अहवाल पाहून निश्चिंत होत असे. एके दिवशी डिस्क गेली आणि कळले, की त्या बॅकअपमधून काहीच परत मिळत नाही. हिशेब विभागातील माणसांनी तीन दिवस बसून नोंदी पुन्हा केल्या. त्यांनी मला एक शब्दही ऐकवला नाही. तेच अधिक लागले. प्रमाणपत्र माझ्या भिंतीवर होते. बॅकअप परत आणून पाहण्याची सवय मात्र नव्हती.

म्हणून सांगतो, काम आधी, प्रमाणपत्र त्याच्या मागून. सुटी संपवून परत जाल, तेव्हा आपल्या वरिष्ठांना एवढेच विचारा, ‘साहेब, पुढच्या वेळी बॅकअप तपासताना मी शेजारी उभा राहू का?’ या प्रश्नाला कोणतेही शुल्क पडत नाही.