संशोधकाशी दोन शब्द
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



गेल्या पन्नास वर्षांत आपल्या मंडळाने या परक्या पण प्रेमळ नगरीत मराठी मनाला जो विसावा दिला, त्याचे वर्णन आमच्या आधीच्या वक्त्यांनी यथोचित केले आहे. गणेशोत्सव, नाटके, ग्रंथालय, दिवाळीचा फराळ हे सारे आपल्या जिव्हाळ्याचे विषय. आमच्या वाट्याला मात्र एका लहानशा उपक्रमाविषयी बोलण्याचे काम आले आहे. चेन्नईतील संशोधनसंस्थांत काम करणाऱ्या मराठी मंडळींना अधूनमधून कोणाच्या तरी घरी बोलवावे आणि त्यांचे काम मराठीतून समजावून घ्यावे, एवढेच त्याचे स्वरूप. तरमणीची गणितसंस्था, गिंडीच्या वनालगतचे आय.आय.टी., अड्यारची चर्मसंशोधन संस्था ही नावे आपण रोज बसच्या खिडकीतून वाचतो. परंतु त्या भिंतींच्या आत काय चालते, हे विचारण्याचे आपल्या मनात फारसे येत नाही.

पहिल्या बैठकीची हकीकत सांगण्याजोगी आहे. एक तरुण तासभर तळमळीने बोलला. आम्ही कौतुकाने टाळ्या वाजवल्या, त्याच्या हाती नारळ दिला आणि चहा मागवला. निघताना तो नम्रपणे म्हणाला, "आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्यात, पण प्रश्न कोणीच विचारला नाही." आम्ही वरमलो. ज्याला आपण सन्मान समजत होतो, तो त्याला दुरावा वाटला होता.

दुसऱ्या खेपेस संख्याशास्त्राचे एक अभ्यासक आले. या वेळी आमच्यातील एका आजींनी धीर करून विचारले, "काही हजार माणसांना विचारून कोट्यवधींचे मत कसे कळते हो?" पाहुण्यांनी उलट विचारले, "आजी, भात शिजला की नाही, हे आपण कसे पाहता?" आजी म्हणाल्या, "शितावरून. पण वरचेच शीत घेऊन चालत नाही. खाली करपलेला असतो आणि वर कच्चा!" पाहुणे हसून म्हणाले, "मग आमच्या शास्त्राचा पहिला धडा आपणच दिलात. पातेले किती मोठे आहे याला फारसे महत्त्व नाही. शीत निवडताना आपली आवडनिवड आड येऊ नये, याला आहे." म्हणूनच, ते म्हणाले, निवड करताना चिठ्ठ्या टाकतात.

या चिठ्ठ्यांवरून बोलणे निघाले ते थेट आपल्या चेटपेटला जाऊन पोचले. इ. स. १९५६ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास शासन, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांनी मिळून तेथे क्षयरोगावरील एक संशोधन केंद्र काढले. त्या काळी क्षय म्हटला की सॅनेटोरियम, स्वच्छ हवा, सक्तीची विश्रांती आणि दूध-अंडी, अशी सर्वांची समजूत. आपल्याकडेही लोक पाचगणी आणि मिरजेकडे धाव घेत. परंतु देशात रुग्ण लाखोंनी होते आणि खाटा मूठभर. गरिबाने काय करावे? आयसोनियाझिड आणि पी.ए.एस. ही औषधे तेव्हा उपलब्ध झाली होती. ती रुग्णाने आपल्या घरीच वर्षभर घेतली तर तो बरा होईल काय, आणि त्याच्या घरच्यांना धोका पोचेल काय, असे दोन प्रश्न वॉलेस फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे ठेवले.

चिठ्ठ्यांच्या न्यायाने काही रुग्ण सॅनेटोरियममध्ये गेले, काही घरीच राहिले. औषध दोघांनाही तेच. घरी राहिलेले बहुतेक दाटीच्या वस्तीतले. जेवण बेताचे आणि विश्रांती नावालाच. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि वैद्यकविश्व चकित झाले. घरी राहिलेल्यांचे आणि सॅनेटोरियममधल्यांचे बरे होण्याचे प्रमाण जवळजवळ सारखे होते. उपचार घेणारा रुग्ण घरात राहिला म्हणून घरच्या माणसांत रोग अधिक पसरला, असेही दिसले नाही. बाधा व्हावयाची ती मुख्यतः निदान होण्यापूर्वीच होऊन गेलेली असे. पुढे घरी राहून क्षयावर उपचार करण्याची पद्धत जगभर रूढ झाली, तिचा मोठा आधार आपल्या या शहरातला आहे.

बैठकीतील एका गृहस्थांनी येथे आक्षेप घेतला. "आजारी माणसाने कोठे जावे हे चिठ्ठी टाकून ठरवायचे, हे निर्दयपणाचे नाही का?" पाहुणे क्षणभर थांबले. मग म्हणाले, "कोणता मार्ग चांगला हे कोणाला ठाऊक असते, तर निर्दयपणा ठरला असता. ठाऊक नसताना ठाऊक असल्याचा आव आणणे, हे मला अधिक निर्दय वाटते." त्या गृहस्थांचे पूर्ण समाधान झाले, असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या रात्री घरी जाताना सर्वजण त्याच प्रश्नावर बोलत होते.

आम्ही मात्र गप्प होतो. त्याचे कारण आज प्रथमच या व्यासपीठावरून सांगतो. आमच्या काकूंना १९६३ साली क्षय झाला. आमचे बिऱ्हाड तेव्हा पुरसवाक्कमला होते. औषधोपचार पूर्ण होऊन डॉक्टरांनी त्या बऱ्या झाल्याचे सांगितले, तरी पुढे कित्येक वर्षे त्यांचे ताट, वाटी, तांब्या वेगळे राहिले. मागच्या खोलीत त्या एकट्या जेवत. आम्हां मुलांना त्यांनी कधी जवळ घेतले नाही. आम्ही धावत गेलो तर त्याच हात आडवा धरीत. घरात कोणी दुष्ट नव्हते. भीती होती, आणि त्या भीतीला कोणी प्रश्न विचारला नाही. चेटपेट आमच्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर. तेथले ज्ञान इंग्रजीतून जिनिव्याला पोचले होते, पुरसवाक्कमच्या मागच्या खोलीपर्यंत पोचले नव्हते. दोष कोणा एकाचा नाही. संशोधकाला आमचे दार ठाऊक नव्हते, आणि आम्ही त्याचे दार ठोठावले नाही.

संवाद एकेरी नसतो, हेही चेटपेटनेच शिकवले. बरे वाटू लागले की रुग्ण गोळ्या घेणे सोडून देत. कोणाला पोटाचा त्रास होई, कोणाला कामावर जाण्याची घाई. केंद्राची माणसे अवचित घरी जाऊन उरलेल्या गोळ्या मोजीत, लघवी तपासून औषध घेतले की नाही ते पाहत. तेव्हा उमगले की औषध चांगले असून भागत नाही. माणसाचे जगणे समजावे लागते. आठवड्यातून दोनदाच, पण समक्ष औषध द्यावे, या उपायाचे प्रयोग त्यातूनच येथे झाले. पुढे देखरेखीखालील उपचाराची जी पद्धत सर्वत्र आली, तिचे मूळ या अनुभवात आहे. त्या केंद्राला २०११ पासून राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणतात.

आपल्या महाराष्ट्रातही याचे उत्तम उदाहरण आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. मोठ्या इमारतींच्या इस्पितळाची आदिवासींना भीती वाटते, हे त्यांनी त्यांच्याच तोंडून ऐकले. म्हणून शोधग्रामातील दवाखाना गावासारखा बांधला आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले. न्यूमोनिया ओळखण्यासाठी बाळाचे श्वास मोजावे लागतात. ज्या सुईणींना मोठे आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी मणी सरकवून श्वास मोजण्याचे साधन तयार केले. गावच्याच स्त्रिया आरोग्यदूत झाल्या, आणि त्यांनी घरोघरी घेतलेल्या काळजीमुळे नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. येथे संशोधकाने आधी ऐकले, मग सांगितले.

आणि तमिळ भूमीत राहणाऱ्या आपणांस याची परंपरा दूर शोधावयास नको. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे यांनी धन्वंतरी महालात औषधांची पारख करविली, नेत्ररुग्णांची टिपणे ठेवविली, डोळ्यांची चित्रे काढवून घेतली. अनुभवास आलेले उपचार त्यांच्या दरबारी कवींनी 'शरभेंद्र वैद्यमुरै' या नावाने तमिळ पद्यांत गुंफले. राजा मराठी, पण रुग्ण तमिळ बोलणारा, म्हणून ज्ञानही तमिळमध्ये. ज्याच्यासाठी ज्ञान आहे त्याच्या भाषेत ते गेले पाहिजे, हे त्या दरबाराने दोनशे वर्षांपूर्वी जाणले होते.

बंधुभगिनींनो, आज आपल्या कितीतरी घरांतील मुलेमुली प्रयोगशाळांत काम करतात. कोणी विचारले तर "मुलगी पीएच.डी. करते" एवढेच आपण अभिमानाने सांगतो. कशावर, हे सांगता येत नाही. तिलाही वाटते, आईबाबांना काय कळणार! असे एकाच घरात दोन मुलूख होतात. आपली विनंती इतकीच, की आज रात्री जेवताना तिला विचारावे, "तू दिवसभर काय शोधतेस? ते चुकले तर कोणाचे बिघडेल? बरोबर ठरले तर कोणाचे भले होईल?" शब्द इंग्रजी आले तर येऊ द्यावेत, अर्थ मात्र मराठीत मागावा. आणि पटले नाही, तर तसे स्पष्ट म्हणावे.

काकू आज हयात नाहीत. त्यांचा तांब्या आमच्या देवघरात आहे, आणि त्यातले पाणी घरातले सर्वजण पितात. एवढे करण्यास आम्हांला फार उशीर लागला.

आता कृपा करून टाळ्या नकोत. कोणाला काही विचारावयाचे असेल, तर विचारावे.