उरलेलें हाड आणि शेवटची पंगत

भंडारा जिल्ह्यांत पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कर. पोळ्याच्या दिवशीं मान बैलांचा. त्या दिवशीं घरोघर पुरणावरणाचा स्वयंपाक होतो. कराच्या दिवशीं मात्र मांसाहारी घरांत बोकडाच्या मटणाचा रस्सा शिजतो. धानाची रोवणी आटोपलेली असते, बांध्या पाण्यानें भरलेल्या असतात, आणि नवें धान घरांत यावयास अद्यापि अवकाश असतो. अशा दिवसांत मटण येतें तें बेताचेंच. पाहुण्यांस व कर्त्या पुरुषांस वाढतां वाढतां मांसाचे तुकडे संपतात आणि भांड्याच्या तळाशीं कांहीं नळ्या, सांध्याचीं व मानेचीं हाडें आणि थोडा रस्सा एवढेंच उरतें. या हाडांचें काय करावें, हा प्रश्न दिसावयास क्षुद्र आहे. परंतु शेवटच्या पंगतीस बसणाऱ्या बायकांच्या ताटांत काय पडावयाचें, हें त्याच्याच उत्तरावर अवलंबून असतें.

येथें एक भेद प्रथमच केला पाहिजे. ताटांत वाढून चोखलेलें हाड तें उष्टें. तें पुन्हां भांड्यांत घालण्याची कल्पना मराठी गृहिणीस सहन व्हावयाची नाहीं, आणि आरोग्यशास्त्रही तिच्याच बाजूचें आहे. उरलेलें हाड म्हणजे मटण निवडतांना बाजूस काढलेलें किंवा न वाढतां भांड्यांत राहिलेलें. पाश्चात्त्य घरांत डुकराच्या खारवलेल्या मांडीचें मांस कापून संपलें म्हणजे मधलें हाड शिल्लक राहतें. तेथील गृहिणी तें हाड वाटाण्याच्या डाळीबरोबर मंद आंचेवर उकळते आणि त्या दाट सारावर सगळ्या घराचें जेवण निभावते. प्राणी निराळा, डाळ निराळी. परंतु हाडाची चव आणि डाळीचें बळ यांची सांगड घालण्याची युक्ति आपल्याही चुलीवर तितकीच लागू पडते.

हाडांतून अन्न काढण्याचा ध्यास मनुष्यास फार दिवसांचा आहे. डेनिस पापिन या फ्रेंच शास्त्रज्ञानें १६७९ सालीं लंडनमध्यें घट्ट झांकणाचें एक भांडें तयार केलें. वाफ कोंडल्यानें आंतील पाणी नेहमींपेक्षां अधिक तापतें आणि कठीण हाडेंही मऊ पडतात, हें त्यानें दाखविलें. आज घराघरांत शिट्ट्या देणारा प्रेशर कुकर हा त्याच भांड्याचा वंशज होय. ज्या उपकरणांत आपण वरणभात लावतों, त्याचा जन्म हाडें शिजविण्याच्या खटपटींतून झाला!

परंतु या ध्यासास एक कडू धडाही मिळाला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पॅरिसमध्यें हाडांतून काढलेल्या जिलेटिनाचें सार रुग्णालयांत व गरिबांस देण्याचा मोठा उपक्रम चालला होता. हाडांतलें सत्त्व मांसाची जागा घेईल, अशी पुरस्कर्त्यांची खात्री होती. शंका निघाल्या तेव्हां शास्त्र अकादमीनें चौकशी मंडळ नेमलें. माजांदी या शरीरशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखालीं त्या मंडळानें कुत्र्यांवर प्रयोग केले आणि १८४१ सालीं निष्कर्ष मांडला कीं नुसत्या जिलेटिनावर प्राणी जगत नाहीं. त्याचें कारण आतां ठाऊक आहे: शरीरास अवश्य असलेलें ट्रिप्टोफेन नांवाचें द्रव्य जिलेटिनांत मुळींच नसतें.

हा धडा आपल्या घरांसही लागू आहे. आजाऱ्यास, बाळंतिणीस किंवा अशक्त मुलास हाडांचें पाणी पाजलें कीं अंगांत बळ आलें, अशी समजूत सर्वत्र आढळते. त्या पाण्यास चव असते, ऊब असते, तोंडास रुचि येते. पण त्यांत चुना म्हणजे कॅल्शियम फारच थोडें उतरतें आणि प्रथिनही अपुरें असतें. म्हणून पातळ रस्सा ही भुकेची समजूत आहे, भुकेचें उत्तर नव्हे. शेवटच्या पंगतीच्या ताटांत नेमका हाच पातळ रस्सा पडतो. तो दाट कसा करावा, हें आतां पाहूं.

प्रथम अखणी करावी. अर्धा किलो हाडें धुऊन, नळ्या फोडून, दोन लिटर थंड पाण्यांत घालावींत. आल्याचा तुकडा, लसणाची गड्डी, एक कांदा व चार मिरे सोबत टाकावे. पहिल्या उकळीस वर येणारा फेस काढून टाकावा. पुढें आंच इतकी मंद ठेवावी कीं पाणी नुसतें हलत राहील. तीन तासांत सांध्यांतील चिवट भाग विरघळून पाण्यास दाटपणा येतो. कुकरांत हेंच काम पाऊण तासांत होतें. सावजी रसोईंत बोकडाच्या खुरांस जो मान आहे, तोही याच दाटपणामुळें; पायांत मांस असें जवळजवळ नसतेंच. अखणी नंतर बारीक गाळून घ्यावी, कारण हाडाची कच घशांत रुतते. हाडांस चिकटलेलें मांस सोडवून वेगळें ठेवावें.

या अखणींत दोन वाट्या धुतलेली तुरीची किंवा हरभऱ्याची डाळ शिजवावी. डाळ मऊ झाल्यावर दुधी भोपळ्याच्या फोडी, हळद, तिखट व मीठ घालावें. चिंचेचा कोळ अगदीं शेवटीं घालावा. आंबटानें डाळ शिजत नाहीं. सोडविलेलें मांस परत घालून वर लसणाची खमंग फोडणी द्यावी. जवसाचें तेल मिळाल्यास या बाजूची चव साधते. भाताबरोबर एवढ्यावर पांच-सहा माणसें पोटभर जेवतात, आणि पहिल्या व शेवटच्या ताटांत फरक राहत नाहीं.

धानाच्या बांधींतील लाखोळी येथें मात्र वापरूं नये. तिच्यांत मज्जातंतूंस अपाय करणारें द्रव्य असतें. ती मुख्य अन्न म्हणून दिवसेंदिवस खाल्ल्यास पाय लुळे पडतात. भिजवून, भरपूर पाण्यांत उकळून तें पाणी फेंकल्यास दोष कमी होतो. परंतु अखणीचें पाणी फेंकावयाचें नसतेंच.

तांदळाच्या गिरणींत मोडलेली कणी या जिल्ह्यांत सहज मिळते. एक वाटी कणीस चार वाट्या अखणी घालून मऊ भात केला, तर म्हाताऱ्यांस व लहानांस तो सुखानें जातो. बेसनाच्या पातोड्या अखणीच्या रश्श्यांत सोडल्या तर मटण नसतांना मटणाची आठवण राहते आणि बेसनाचें प्रथिनही पोटांत जातें.

दोन गोष्टींची काळजी घ्यावी. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठीं प्रसिद्ध आहे. पण कल्हई उडालेल्या पितळेंत चिंचेचा रस्सा शिजवूं किंवा ठेवूं नये, आंबटानें धातु कळकून अन्न बाधतें. तसेंच अखणी रात्रभर उघड्यावर राहूं देऊं नये. ती पसरट भांड्यांत लवकर निववून दोन तासांच्या आंत शीतकपाटांत ठेवावी, तीन दिवसांत संपवावी व प्रत्येक वेळीं खळखळून उकळावी. निवल्यावर वर थिजणारी चरबी फोडणीस उपयोगी पडते.

हाड हें चवीचें भांडार आहे, बळाचें नव्हे. बळ डाळींत, धान्यांत आणि उरलेल्या मांसांत आहे. हें ज्या गृहिणीस उमगलें, ती रश्श्यांत पाणी वाढवीत नाहीं, डाळ वाढवते. मग कराच्या दुसऱ्या दिवशीं सर्वांचें झाल्यावर ती स्वतः पाटावर बसते, तेव्हां पळी भांड्याच्या तळाशीं जाते आणि भरलेलीच वर येते.