फाईलचे नाव कोणी ठेवावे?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला संगणकाविषयी चार शब्द बोलण्यास सांगितले आहे. संगणकाने जग कसे बदलले यावर आपण पुष्कळ ऐकले असेल. त्यात मी भर घालणार नाही. माझी हयात शाळांच्या कचेऱ्यांत कारकुनी करण्यात गेली. तेव्हा कारकुनाच्या टेबलावरचाच एक विषय आपल्यापुढे मांडतो. संगणकात साठवायच्या फाईलला नाव कसे द्यावे, आणि ते काम संगणकाकडूनच कसे करून घ्यावे, एवढाच तो विषय आहे. तो क्षुल्लक वाटेल. परंतु फाईलच्या नावातील एका चुकीपायी एका मुलीचा दाखला अडलेला मी पाहिला आहे, आणि ती चूक माझ्याच हातची होती.

जुन्या कचेरीत कागदांचे गठ्ठे कापडात बांधून फडताळात ठेवत. प्रत्येक गठ्ठ्यावर वर्ष, विषय आणि अनुक्रमांक लिहिलेली चिठ्ठी असे. चिठ्ठी नीट असली की दहा वर्षांपूर्वीचा कागद पाच मिनिटांत निघे. नसली की दिवस जाई. आज गठ्ठे गेले, पण चिठ्ठीची गरज गेली नाही. उलट वाढली. कोणत्याही कचेरीतला संगणक उघडून पाहा. ‘यादी’, ‘यादी नवीन’, ‘यादी फायनल’, ‘यादी फायनल खरी’ अशा फाईली एकाखाली एक दिसतील. यांतली खरी कोणती, हे ज्याने त्या केल्या त्यालाही महिन्याभराने सांगता येत नाही.

आकडेमोडीचे तक्ते संगणकावर करण्याची सोय १९७९ साली ‘व्हिसिकॅल्क’ने प्रथम लोकप्रिय केली. १९८३ साली ‘लोटस १-२-३’ आले. आपल्या परिचयाचे ‘एक्सेल’ १९८५ साली निघाले आणि १९९३ साली त्यात ‘व्ही.बी.ए.’ ही आज्ञा लिहिण्याची भाषा आली. या भाषेत लिहिलेल्या आज्ञांच्या मालिकेला ‘मॅक्रो’ म्हणतात. आपण रोज तीच ती दहा कामे त्याच क्रमाने करीत असू, तर तो क्रम एकदा लिहून ठेवावयाचा. पुढे एक बटण दाबले की संगणक ती दहाही कामे बिनतक्रार करतो.

याचा आरंभ अवघड नाही. एक्सेलमध्ये ‘रेकॉर्ड मॅक्रो’ अशी सोय आहे. ती सुरू करून आपण फाईल नाव देऊन साठवली की आपण काय काय केले ते संगणक टिपून घेतो. मात्र येथेच नवशिका अडखळतो. आपण त्या वेळी ‘पावती १’ असे नाव दिले असेल तर संगणक तेच शब्द टिपतो आणि दर वेळी ‘पावती १’ याच नावाने फाईल ठेवू पाहतो. म्हणून ‘ऑल्ट’ आणि ‘एफ ११’ या कळा एकत्र दाबून टिपण उघडावे. त्यात ‘सेव्ह ॲज’ची ओळ शोधावी आणि ‘पावती १’ या ठिकाणी ‘अमुक चौकटीत जे लिहिले असेल ते’ अशी आज्ञा घालावी. दोनतीन चौकटींतला मजकूर जोडूनही नाव तयार करता येते. पावतीवर वर्ग, क्रमांक आणि तारीख असतेच. त्यांतूनच फाईलचे नाव निघाले म्हणजे हाताने काही लिहावे लागत नाही.

आता माझी चूक सांगतो. ही शाळा कोणती ते सांगण्याचे कारण नाही. तेथे मी फीच्या पावतीसाठी असाच एक मॅक्रो केला होता. विद्यार्थ्याचे पूर्ण नाव हेच फाईलचे नाव, असा माझा नियम. त्या नावाची फाईल अगोदरच असली तर संगणक ‘जुनी पुसून नवी ठेवू का?’ असे विचारतो. दर वेळच्या या विचारण्याने मी कंटाळलो आणि सूचना बंद करण्याची एक ओळ मॅक्रोत घातली. ती ओळ घातली की संगणक विचारणे सोडतो आणि उत्तर ‘होय’ आहे असे धरून जुनी फाईल पुसतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

एकाच इयत्तेच्या दोन तुकड्यांत दोन मुली होत्या. नाव, वडिलांचे नाव, आडनाव, तिन्ही एक. आपल्या समाजात हे नवल नाही; एका मोहल्ल्यात एका नावाची चार माणसे निघतात. दुसरीची पावती झाली तेव्हा पहिलीची फाईल निमूटपणे पुसली गेली. वर्षाअखेरीस फाईलींवरून बाकीदारांची यादी काढली, तीत पहिलीचे नाव आले. दाखला न्यायला आलेल्या वडिलांना मी सांगितले, “फी बाकी आहे.” ते म्हणाले, “साहेब, मी स्वतः भरली.” घरातली पावती पावसात भिजून गेली होती. रोजंदारीवरचा माणूस; दोन दिवस काम बुडवून ते माझ्या टेबलासमोर उभे राहिले, आणि मी यंत्रावर विश्वास ठेवून त्यांच्यावर ठेवला नाही. तिसऱ्या दिवशी हेडक्लार्कनी हाताने लिहिलेली रोजकीर्द उघडली. त्या तारखेला ती रक्कम जमा होती. दाखला मिळाला, पण त्या मुलीसमोर तिच्या वडिलांना मी खोटे पाडले होते, ते काही भरून निघाले नाही.

त्यानंतर मी काही नियम पाळू लागलो. विद्यार्थी मित्रांनो, ते टिपून घ्या.

पहिला नियम : फाईलच्या नावात माणसाच्या नावावर विसंबू नये, क्रमांक घ्यावा. शाळेच्या जनरल रजिस्टरातील क्रमांक त्या शाळेत दोघांचा एक नसतो. शिवाय इंग्रजीत ‘शेख’ हे आडनाव तीनचार प्रकारे लिहितात, ‘मोहम्मद’चे तर कोणी संक्षिप्त रूपही करतात. एकाच मुलाची तीन नावे झाली की त्याच्या तीन फाईली होतात. क्रमांकाचे तसे होत नाही. क्रमांक ४७ असेल तर तो ००४७ असा चार अंकी लिहावा. एक्सेल पुढची शून्ये गाळते. म्हणून मॅक्रोत ‘फॉरमॅट’ हा शब्द वापरून ती परत घालावी लागतात.

दुसरा नियम : तारीख लिहिताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि मध्ये आडवी रेघ. उदाहरणार्थ, २०२४-०६-१२. अशी नावे आपोआप कालक्रमाने लागतात. आपण एरवी तारखेत तिरकी रेघ घालतो, ती विंडोजमध्ये फाईलच्या नावात चालत नाही. विसर्गासारखी दोन टिंबे, प्रश्नचिन्ह, तारा, दुहेरी अवतरणचिन्ह हीही चालत नाहीत. चौकटीतली तारीख जशीच्या तशी घेतली की मॅक्रो तेथेच अडतो. पुष्कळांचा पहिला मॅक्रो याच तिरक्या रेघेपायी बंद पडतो.

तिसरा नियम : साठवण्यापूर्वी त्या नावाची फाईल आहे काय ते मॅक्रोलाच पाहावयास लावावे. ‘डिर’ या आज्ञेने ते कळते. फाईल असेल तर मॅक्रोने थांबून माणसाला विचारावे किंवा नावापुढे २, ३ असा अंक लावावा. सूचना बंद करण्याची ओळ घालू नये. मॅक्रोने केलेले काम सहसा ‘अनडू’ने परत फिरवता येत नाही, हे लक्षात असू द्यावे.

चौथा नियम : मूळ कोरा नमुना सुरक्षित ठेवावा. ‘सेव्ह ॲज’ केल्यावर आपण नव्या फाईलीत जातो. ‘सेव्ह कॉपी ॲज’ केल्यास प्रत बाजूला पडते आणि आपण मूळ फाईलीतच राहतो. मात्र ही प्रतही विचारल्याशिवाय जुनी फाईल पुसू शकते, म्हणून तिसरा नियम येथेही पाळावा. तसेच, मॅक्रो असलेल्या फाईलचे शेपूट ‘एक्स.एल.एस.एम.’ असते. ती साध्या ‘एक्स.एल.एस.एक्स.’ प्रकारात साठवली की मॅक्रो गळून पडतो.

पाचवा नियम : अनोळखी माणसाने पाठवलेल्या फाईलमधील मॅक्रो चालू करू नये. १९९९ साली ‘मेलिसा’ नावाचा उपद्रव मॅक्रोतूनच जगभर पसरला होता. इंटरनेटवरून आलेल्या फाईलींतले मॅक्रो आपणहून रोखण्यास मायक्रोसॉफ्टने २०२२ साली सुरुवात केली ती याच कारणासाठी.

पालकांना माझी एक विनंती आहे. मुलाने संगणकाचा कोर्स केला की आपण प्रमाणपत्र चौकटीत लावतो. त्याऐवजी त्याला एक काम सांगा. आपल्या दुकानाची उधारी असेल, शिलाईच्या मापांची वही असेल, घरखर्चाचा हिशेब असेल. त्याचा महिन्याचा तक्ता आपोआप योग्य नावाने साठवला जाईल असे त्याला करावयास लावा. मोबाईलवरच्या एक्सेलमध्ये हे मॅक्रो चालत नाहीत, संगणकच लागतो. घरी नसेल तर मुख्याध्यापकांना शाळेचा संगणक वापरू देण्याची विनंती करा. आणि मुलींना यातून वगळू नका. हिशेबाची फाईल चोख ठेवणारी मुलगी कोणत्याही कचेरीला हवीच असते.

विद्यार्थी मित्रांनो, बटण दाबणारा आणि बटणामागची आज्ञा लिहिणारा या दोघांत फरक आहे. आज्ञा लिहिणाऱ्याला आधी विचार करावा लागतो : एका नावाची दोन माणसे आली तर काय? रकाना रिकामा राहिला तर काय? हे प्रश्न संगणक विचारत नाही. ते तुम्हीच विचारावयाचे आहेत. आणि एखादे दिवशी तुम्ही टेबलामागे बसलेले असाल, समोर कोणी म्हणेल, “साहेब, मी पैसे भरले आहेत,” तेव्हा पडद्यावर नाव नाही म्हणून त्याला परत पाठवू नका. उठा, रोजकीर्द काढा, आणि त्याला बसावयास खुर्ची द्या.